वाचकांचे प्रश्न : क्लच पंखा काढून विजेचे पंखे बसवावेत का?

उन्हाळा तोंडावर आला की गाडी तापण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकाच गोष्टीकडे आहे : पिकअपचा मूळचा क्लच पंखा, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा, काढून त्या जागी विजेवर चालणारे पंखे बसवावेत की नाही. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी २०१३ सालची डिझेल पिकअप आहे. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला सिमेंट, खते आणि किराणा माल पोहोचवतो. गेल्या वर्षापर्यंत काहीही त्रास नव्हता. आता मात्र पसरणी घाटात निम्म्यावर गेल्यावर काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि गाडी बाजूला घेऊन थांबावे लागते. सपाटीवर गाडी अगदी व्यवस्थित असते. गॅरेजवाले म्हणतात की जुना पंखा काढून दोन इलेक्ट्रिक फॅन लावू, म्हणजे प्रश्न मिटेल. आपला सल्ला काय?
— एक मालवाहतूकदार, वाई

उत्तर : गाडी कुठे तापते, हे आपण नेमके लिहिले आहे आणि निदानाचा अर्धा भाग त्यातच आला. उभ्या गाडीत, बाजारात किंवा टोलनाक्याच्या रांगेत इंजिन तापत असेल तर दोष आधी पंख्याकडे शोधावा लागतो. महामार्गावर ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने जाताना तापत असेल तर पंख्याचा जवळजवळ संबंधच नसतो, कारण त्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरेशी असते आणि मग रेडिएटर चोंदला आहे का, वॉटर पंप पाणी ढकलतो आहे का, हे पाहावे लागते. आपली गाडी चढणीला, भरलेल्या मालासह, दुसऱ्या गिअरमध्ये तापते. पंख्यावर सर्वाधिक भार येण्याची हीच वेळ असते आणि विजेचे पंखे सर्वात कमी पडण्याचीही हीच वेळ असते.

थोडा हिशेब केला तर हे ध्यानात येईल. अडीच लिटरच्या जुन्या डिझेल इंजिनाने पूर्ण जोर लावला की कुलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून, बाहेर टाकावी लागणारी उष्णता साधारण ३० ते ४० किलोवॉट असते. घरातले दोन किलोवॉटचे पंधरा-वीस गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तशी ही उष्णता. रेडिएटरमधून जाताना हवा ४० अंशांनी तापते असे धरले, तरी एवढी उष्णता वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला ०.७ ते ०.९ घनमीटर हवा रेडिएटरच्या जाळीतून ओढली गेली पाहिजे. घाटात गाडीचा वेग ताशी १५-२० किलोमीटर असतो, त्यामुळे समोरून आपोआप येणारी हवा फारशी उपयोगी पडत नाही आणि जवळजवळ सगळे काम पंख्यालाच करावे लागते. मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर गरगरत असते, तेव्हा तो पंखाही तितक्याच जोमाने फिरतो. विजेच्या पंख्याची गती मात्र मोटर आणि व्होल्टेज यांवर ठरलेली असते. गाडी घाटात आहे की अंगणात उभी आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते. शिवाय पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्यावर मोजलेला असतो. रेडिएटरच्या दाट जाळीमागे बसवल्यावर तेवढी हवा मिळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गेल्या वर्षापर्यंत हीच गाडी, हाच माल घेऊन, हाच घाट विनातक्रार चढत होती. याचा अर्थ कंपनीने दिलेली व्यवस्था पुरेशी होती आणि आता तिच्यातील काहीतरी झिजले किंवा बिघडले आहे. ते शोधायचे सोडून संपूर्ण व्यवस्थाच बदलणे मला पटत नाही.

संशयाची पहिली जागा म्हणजे पंख्याचा क्लच. पंख्याच्या मध्यभागी जो जाड, पाकळ्या असलेला ॲल्युमिनिअमचा डबा दिसतो, त्याच्या आत घट्ट सिलिकॉन तेल असते. डब्याच्या तोंडावर, रेडिएटरच्या बाजूला, दोन धातूंच्या पट्टीची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती गुंडाळी फिरते, आतील झडप उघडते, तेल खोबणींमध्ये पसरते आणि त्या तेलाच्या चिकटपणामुळे पंखा पुलीबरोबर जोराने ओढला जातो. हवा थंड झाली की तेल परत साठवणीच्या कप्प्यात जाते आणि पंखा सैल पडून सावकाश फिरू लागतो. हे तेल वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपून कमी होते, आणि मग पंखा फिरताना दिसतो, परंतु गरजेच्या वेळी पकडत नाही. बिघाड असा हळूहळू होत असल्याने चालकाच्या लक्षात येत नाही.

तपासणी आपण स्वतः करू शकता. सकाळी इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना पंखा हाताने फिरवून पाहावा. चांगल्या क्लचचा पंखा जड लागतो आणि हात सोडताच थांबतो. तो भिंगरीसारखा दोन-चार फेऱ्या घेत असेल तर तेल गेले आहे असे समजावे. मुळीच फिरत नसेल तर तो जाम झाला आहे. तशा स्थितीत गाडी तापणार नाही, परंतु सतत घोंघाट होईल आणि डिझेल वाया जाईल. डब्याच्या मध्यावरून बाहेरच्या कडेकडे गेलेले तेलकट, धूळ चिकटलेले काळे पट्टे दिसत असतील, तर निदान जवळजवळ पक्के झाले. पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवावीत. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि ते क्लचचे की वॉटर पंपाचे, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. सकाळी गाडी सुरू करताच पहिले मिनिटभर पंख्याचा आवाज मोठा येऊन मग तो मंदावत असेल, तर ते चांगले लक्षण आहे. रात्रभर खोबणीत साचलेले तेल बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. काही जण इंजिन चालू असताना गुंडाळलेले वर्तमानपत्र पात्यांत घालून पंख्याचा जोर पाहतात. तसे कोणीही करू नये.

संशयाची दुसरी जागा आहे श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे. इंजिनाच्या कामाच्या वेळी ते काढतात, त्याचे कान तुटतात आणि अनेकदा ते परत बसवलेच जात नाही. पंख्याची पाती साधारण निम्मी त्या कड्याच्या आत असावी लागतात; कडे नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. माझ्या मते, "पंखा कमी पडतो" म्हणून आलेल्या गाड्यांत सर्वप्रथम या कड्याकडे पाहावे, कारण ते पाहायला पाने-पक्कड लागत नाही.

तिसरी जागा रेडिएटरची बाहेरची जाळी. कारखान्याच्या हंगामात उसाच्या वाहनांमागून जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचटाचे तुकडे आणि गवताचे बी घट्ट बसते. ते समोरून दिसत नाही. आतल्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, बेताच्या दाबाने पाणी मारले की काय काय बाहेर येते ते पाहावे. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा जवळून मारल्यास जाळीच्या पातळ पापुद्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते, हे तिथल्या मुलाला आधी बजावून ठेवावे.

हे सर्व ठीक करूनही गाडी तापली, तर रेडिएटरची आतून सफाई आणि वॉटर पंप यांकडे वळावे. घाटात भरलेला माल नेणाऱ्या पिकअपचा क्लच पंखा काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. पसरणीला जे लागू आहे, तेच चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्यांनाही लागू आहे. नव्या गाड्यांतही विजेचेच पंखे असतात, असे आपले गॅरेजवाले म्हणतील. ते खरे आहे. मात्र तिथे पंखा, त्याचे कडे, रेडिएटरचा आकार, वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि पंख्याची गती ठरवणारा संगणक हे सर्व एकमेकांच्या मापाने रचलेले असते. जुन्या पिकअपमध्ये त्यातील फक्त पंखा आणून बसवला, तर बाकीची व्यवस्था त्याच्याबरोबर येत नाही.

प्रश्न : माझ्या पिकअपला काहीच त्रास नाही. तासगावहून सांगलीच्या बाजारात बेदाणा आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्या नेतो. बहुतेक रस्ता सपाटीचा आणि येताना गाडी रिकामी. सध्या लिटरला १२ चे ॲव्हरेज पडते. विजेचे पंखे लावले तर इंजिनावरचा भार जाऊन ते १४ पर्यंत जाईल असे सांगतात. हे खरे आहे काय?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : १४ चा आकडा हिशेबात बसत नाही. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे गती दुप्पट झाली तर शक्ती आठपट लागते. म्हणूनच पूर्ण पकडलेला पंखा इंजिनाला जड जातो, आणि म्हणूनच सैल पडलेला पंखा जवळजवळ काहीच खात नाही. आपला क्लच चांगला असेल तर सपाट रस्त्यावर तो बहुतेक वेळ सैलच असणार. तरीही उदारपणे धरू की पंखा काढल्याने सतत एक अश्वशक्ती वाचली. ताशी ५० च्या वेगाने १०० किलोमीटर जायला दोन तास लागतील आणि तेवढ्या वेळात सुमारे दीड युनिट ऊर्जा वाचेल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातील तृतीयांशच इंजिनाच्या दांड्यावर मिळते; तेव्हा ही बचत १०० किलोमीटरमागे अर्ध्या लिटरच्याही किंचित आतच राहते. १२ चे ॲव्हरेज त्यामुळे फार तर पावणेतेराच्या आसपास जाईल, आणि तेही विजेचे पंखे एकदाही सुरू झाले नाहीत असे मानून.

पंखे सुरू झाल्यावर वीज फुकट येत नाही. दोन मध्यम पंखे मिळून २४ अँपिअर घेत असतील तर ती सुमारे ३३० वॉट होते. अल्टरनेटर दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून थोडी अधिकच विजेत बदलतो, त्यामुळे इंजिनावर पाऊण अश्वशक्तीचा भार पुन्हा येऊन बसतो. फक्त डिझेल वाचवण्यासाठी हा खटाटोप करू नये. टायरमधील हवा आणि एअर फिल्टर यांकडे लक्ष दिलेत तर कमी कष्टांत बरेच साधेल.

क्लच नसलेला, पुलीवर थेट आवळलेला पंखा ज्या जुन्या गाड्यांना आहे, त्यांच्या बाबतीत बचत यापेक्षा अधिक होते, हेही सांगितले पाहिजे. पण तिथेही त्याच इंजिनासाठी क्लचसह पंखा मिळत असेल तर तो बसवणे अधिक सरळ आहे.

आपल्यासारखा सपाटीचा आणि हलक्या मालाचा वापर असेल, तर मात्र हा बदल केल्याने गाडीचे नुकसान होण्याची भीती कमी असते. तेव्हा हौसेने करायचाच असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. पंखे रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारे असावेत. समोर लावलेला ढकलपंखा बंद असताना स्वतःच वाऱ्याची वाट अडवतो. पंख्याच्या तारांची अदलाबदल केली की तो उलटा फिरतो खरा, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, त्यामुळे ढकलपंख्याला ओढपंखा करून वापरू नये. दोन्ही पंखे एका पत्र्याच्या कड्यात बसवून ते कडे रेडिएटरच्या बहुतेक भागावर यावे आणि त्यात रबराच्या झडपा असाव्यात, म्हणजे वेगात जाताना जादा हवा त्यांतून निघून जाईल. पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधण्याची पद्धत अतिशय वाईट आहे. गाडीच्या थरथरीने पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि काही महिन्यांत रेडिएटर झिरपू लागतो.

एक बारीक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. बऱ्याच इंजिनांत पंख्याचा क्लच आणि वॉटर पंपाची पुली एकाच चार बोल्टांनी आवळलेली असते. क्लच काढला की त्याच्या जाडीइतके बोल्ट लांब पडतात. ते तसेच आवळले तर बोल्ट तळाला टेकतो आणि पुली मात्र सैलच राहते. योग्य लांबीचे बोल्ट आधीच आणून ठेवावेत. काही गाड्यांत क्लच एका मोठ्या नटाने पंपाच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि त्याचे आटे उलटे असू शकतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी. काढलेला क्लच भंगारात देऊ नये. गाडीत असतो तसा उभा ठेवावा, आडवा ठेवल्यास तेल झिरपते. बदल पसंत पडला नाही तर तोच पुन्हा बसवता येईल.

प्रश्न : जुन्या बाजारातून कारचे दोन पंखे आणून माझ्या पिकअपला बसवले. थंडावा चांगला मिळतो. परंतु रात्री दोन्ही पंखे सुरू झाले की हेडलाइट मंद होतात, आणि गेल्या आठवड्यात रिलेचा खालचा साचा वितळला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, रिले हलका होता, मोठा टाकू. तेवढ्याने भागेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भागणार नाही, आणि दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा प्रवास टाळावा. रिले म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. त्याचा साचा वितळतो तो बहुधा सैल किंवा बारीक जोडामुळे. जोडाला थोडा जरी विरोध असला तरी २०-२५ अँपिअर वाहताना तो जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालते. मोठा रिले त्याच सैल टोप्यांत खोचला तर तोही वितळेल.

वायरीची जाडी आधी पाहावी. घरगुती वापराची दीड चौरस मिलिमीटरची वायर अनेक जण गाडीत वापरतात. जाऊन-येऊन साडेतीन मीटर लांबीच्या अशा वायरीतून २५ अँपिअर गेले की एक व्होल्टहून अधिक दाब वायरीतच नष्ट होतो, वायर तापते आणि पंखाही मंद फिरतो. त्याच ठिकाणी ६ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर हे नुकसान पाव व्होल्टच्या आसपास येते. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर देणे सर्वात चांगले.

जोडणी अशी असावी. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर प्रथम फ्यूजमध्ये जावी आणि तो फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात असावा. कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते. फ्यूजमधून ती रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ मधून पंख्याला जावी. ८५ आणि ८६ ही टोके रिलेच्या आतील गुंडाळीची आहेत. त्यांपैकी एक किल्लीच्या स्विचनंतरच्या वायरीला आणि दुसरे तापमानाच्या सेन्सरमार्गे अर्थला जोडावे. म्हणजे किल्ली काढल्यावर पंखे बंद होतील आणि रात्रभरात बॅटरी उतरणार नाही. पंख्याची अर्थिंग रंगवलेल्या पत्र्याला स्क्रू मारून न घेता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला किंवा इंजिनाच्या मोठ्या अर्थपट्टीला न्यावी. आपल्या इलेक्ट्रिशियनने पंख्याचा मुख्य प्रवाह हॉर्नच्या किंवा हेडलाइटच्या मूळ वायरीतून घेतला असेल, तर ते सर्वप्रथम काढायला सांगावे. मंद दिव्यांचे कारण तेही असू शकते.

दिवे मंद होण्याचे दुसरे कारण अल्टरनेटर. त्यावर लिहिलेले अँपिअर इंजिन जोरात असतानाचे असतात. इंजिन नुसते धुगधुगत असताना त्याच्या निम्म्यानेही प्रवाह मिळेल याची खात्री नसते. रात्रीचे सर्व दिवे दहा-बारा अँपिअर घेतात, पावसात वायपर आणि काच पुसट होऊ नये म्हणून ब्लोअर त्यात भर घालतात, आणि त्यावर आपले दोन पंखे. शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या दोन-तीनपट प्रवाह ओढते. म्हणून दोन्ही पंखे एकदम सुरू होऊ नयेत. एक पंखा आधीच्या तापमानाला आणि दुसरा पाच-सहा अंश नंतर सुरू होईल असे दोन सेन्सर घालावेत. एवढे करूनही पंखे, दिवे आणि ब्लोअर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३ व्होल्टपेक्षा कमी दाब दिसत असेल, तर मोठा अल्टरनेटर घ्यावा किंवा एक पंखा कमी करावा. जुन्या बाजारातील पंख्यांवर प्रवाहाचा आकडा नसतो, तेव्हा क्लॅम्प मीटरने तो मोजून घ्यावा. हे काम दोन मिनिटांचे असते, पण त्यावाचून वायर, फ्यूज आणि रिले यांची निवड अंदाजानेच होते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचेच पाणी असल्याने रेडिएटरमध्ये तेच घालतो. गाडी तापू लागल्यावर मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तापणे थांबले नाही. आता विजेचा पंखा बसवावा म्हणतो.
— एक शेतकरी, जत

उत्तर : पंखा बसवण्याचे थांबवा. बोअरच्या पाण्यातील क्षार तापल्यावर नळ्यांच्या आतून खरवडून काढावा लागेल असा पांढरा थर धरतात. पंखा कितीही मोठा असला तरी त्या थरापलीकडची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्याव्यात, आणि पुढे शुद्ध केलेले पाणी व कुलंट यांचे मिश्रणच वापरावे. तयार मिश्रण मिळते, ते आणले तर प्रमाणाची चिंता राहत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, परत बसवावा. पुष्कळ इंजिनांत तो उघडताना रेडिएटरला वळसा घालून जाणारी वाट बंद करत असतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परततो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय तिला अधिक तापवतो. जिथे तसे होत नाही, तिथे इंजिन सकाळी उशिरापर्यंत गार राहते, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते.

प्रश्न : आमची पिकअप महाबळेश्वरच्या पठारावरच स्ट्रॉबेरीच्या शेतातून ये-जा करते. विजेचा पंखा बसवला आहे. तो ९५ अंशांना सुरू होतो असे दुकानदाराने सांगितले. पंखा नीट चालतो, तरी गाडी थांबवल्यावर बाटलीत बुडबुडे येतात आणि पाणी बाहेर येते. पंखा लवकर सुरू करावा का?
— एक बागायतदार, महाबळेश्वर

उत्तर : रेडिएटरचे झाकण आधी बदलून पाहा. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते आणि दर ३०० मीटर उंचीमागे हा आकडा सुमारे एका अंशाने खाली येतो. महाबळेश्वरची उंची १,३५० मीटरच्या आसपास असल्याने तिथे उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, ०.९ बारचे झाकण चांगले असेल तर तिथेही पाणी ११५ अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही, आणि कुलंटमुळे त्यात आणखी काही अंशांची भर पडते. मात्र झाकणाचे रबर कडक झाले किंवा त्याची स्प्रिंग थकली की हा सगळा फरक नाहीसा होतो, आणि पाणी उकळण्याचा व आपला पंखा सुरू होण्याचा आकडा एकच होऊन बसतो. झाकण त्याच दाबाचे घ्यावे, अधिक दाबाचे घेतल्यास जुने होज आणि टाकीचे सांधे फुटू शकतात. आणि गाडी गरम असताना ते मुळीच उघडू नये.

नवे झाकण घालूनही बुडबुडे येत राहिले, इंजिन थंड असताना सुरू करताच ते दिसू लागले, तर हेड गॅसकेटमधून, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांमधील सीलमधून, सिलिंडरचा वायू पाण्यात येत असण्याची शक्यता आहे. तशा गाडीला पंख्याचा इलाज नाही.

पंखा किती अंशांना सुरू व्हावा, हे सेन्सर कुठे आहे यावर ठरते. ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असेल आणि सेन्सर इंजिनातून येणाऱ्या वरच्या होजजवळ असेल, तर ९२ ते ९५ ला सुरू आणि ८७-८८ ला बंद हे योग्य. थर्मोस्टॅटच्याही खालचा आकडा ठेवला तर पंखा कधी बंदच होणार नाही. सेन्सर रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तिथले पाणी आधीच निवलेले असते, म्हणून आकडाही कमी ठेवावा लागतो. रेडिएटरच्या जाळीत नुसती खोचायची सळई काही संचांसोबत येते. ती सैल होते आणि चुकीचे तापमान दाखवते, तेव्हा होजमध्ये पाण्याला लागून बसणारा सेन्सरच वापरावा. डॅशबोर्डवर पंख्याच्या वायरीला जोडलेला एक छोटा दिवा मात्र जरूर लावून घ्यावा. विजेचा पंखा बंद पडतो तेव्हा कसलाही आवाज होत नाही, आणि काट्याकडे लक्ष जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या भागात रस्त्यावर पाणी येते. विजेचे पंखे असतील तर स्विचने बंद करून पाण्यातून जाता येते, असे ऐकले. हा फायदा खरा आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फायदा खरा आहे, पण छोटा आहे. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात बुडला की पाती पुढे वाकून रेडिएटरला भिडू शकतात, आणि विजेचा पंखा बंद ठेवला तर हे टळते. मात्र पंख्याच्या उंचीपर्यंत पाणी असेल तर एअर फिल्टरचे तोंडही फार दूर राहिलेले नसते, आणि डिझेल इंजिनाने एक घोट पाणी ओढले तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचे पाणी किती झपाट्याने चढते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाची पातळी इशाऱ्याच्या वर गेली असेल, तर स्विचचा विचार न करता गाडी उंचावर लावावी.

घोट्याएवढ्या पाण्यासाठी स्विच बसवायचाच असेल तर तो दाबून धरेपर्यंतच पंखा बंद ठेवणारा, स्प्रिंगचा असावा. साधा स्विच बंद करून पुढे गेल्यावर तो तसाच राहून जातो. पाण्यातून आल्यावर पंखे एकदा हाताने फिरवून पाहावेत. मोटरच्या खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी असलेले बारीक छिद्र गाळाने बुजले असेल तर ते काडीने मोकळे करावे, आणि बसवताना ते छिद्र खालीच राहील अशा रीतीने मोटर फिरवून बसवावी.